वाईट आठवड्याचं माप

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या मी रविवारी रात्री घेते. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात त्या, चुकूनही रोज नाही, म्हणून कॅलेंडरवर दर रविवारभोवती लाल पेनाने गोल केलेला आहे. शेजारच्या सोमवारच्या चौकटीत दोनच शब्द : 'कात्री नाही'. सोमवारी मळमळतं, डोकं जड असतं. अशाच एका सोमवारी मी एका बाईंच्या आईचं इरकली लुगडं काठाच्या भलत्याच बाजूने कापलं. तुकडे जोडून गोधडी झाली, त्यांना आवडलीही, पण तो जोड मला अजून दिसतो. तेव्हापासून सोमवारी मी रंग जुळवते, फोटो काढते, कुणाचे पैसे यायचे राहिलेत ते बघते. कापत नाही.

मला आमवात आहे. डॉक्टरांच्या कागदावर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मिरजेला, राहत्या घरात, मी गोधड्या आणि बाळंतविडे करून विकते. आता यावर 'किती हो जिद्द तुमची' असं म्हणू नका. जिद्दीवर दोन महिने निघतात. तिसऱ्या महिन्यात बोटं सुजतात, ऑर्डरी तुंबतात आणि फोन वाजला की धस्स होतं. धंदा चालतो तो हिशेबावर, आणि आजारी माणसाला निरोगी माणसाचा हिशेब लावून चालत नाही.

'घरबसल्या काहीतरी सुरू करायचंय' म्हणणाऱ्या बायका, आणि हल्ली पुरुषही, पहिला प्रश्न विचारतात तो मशीन कुठलं घेऊ, नाहीतर कर्ज कुठे मिळेल. मी म्हणते, आधी एक वही घ्या. तीन आठवडे काही विकू नका, फक्त करा आणि रोज रात्री लिहा. सकाळी आखडलेले हात किती वाजता मोकळे झाले. प्रत्यक्ष काम किती वेळ झालं. कुठलं काम होतं. आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं. ही शेवटची नोंद सोडून बाकी सगळं लोक लिहितात, आणि खरी मेख तिथेच असते. बरं वाटतंय म्हणून मंगळवारी सलग पाच तास बसलात, तर त्याचं बिल बुधवारी येतं. कधीकधी बुधवार-गुरुवार दोन्हीला.

माझ्या पहिल्या वहीतलेच आकडे देते. २१ दिवसांत ५ दिवस चांगले गेले, ११ मधले, ५ अगदी वाईट. चांगल्या दिवशी सरासरी ४ तास काम झालं, मधल्या दिवशी सरासरी २ तास, वाईट दिवशी शून्य. एकूण ४२ तास. मी मनात धरून चालले होते की रोज पाच तास सहज होतात, म्हणजे तीन आठवड्यांत शंभराच्या वर. हातात आले ४२. पण खरा धडा पुढेच होता. आठवड्यांप्रमाणे मांडलं तर एका आठवड्यात १६ तास, दुसऱ्यात १७ आणि तिसऱ्यात फक्त ९. सरासरी काढली की १४ येते आणि आपण खूश होतो. गिऱ्हाईक मात्र सरासरीला भेटत नाही. त्याची तारीख नेमकी नऊ तासांच्या आठवड्यात पडते.

म्हणून ऑर्डर घ्यायची ती नऊच्या मापाने. बाळाची एक हातशिलाईची गोधडी, साधारण ३६ बाय ४५ इंचांची, मला १६ तास घेते. म्हणजे वाईट आठवडे लागोपाठ आले तरी दोन आठवड्यांत एक, महिन्याला दोन. तिसरी ऑर्डर आली तर पुढच्या महिन्यात. मग १६-१७ तासांच्या आठवड्यांत उरलेल्या वेळाचं काय करायचं? त्यात तयार माल करून ठेवायचा : टोपडी, कुंच्या, पाऊच, उशीचे अभ्रे. त्याला कुणाची तारीख चिकटलेली नसते. आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण हीच माझी खरी मुद्दल आहे. सणावाराला तो खण रिकामा झाला, की मी नव्या ऑर्डरी बंद करून आधी तो भरते.

शिलाई मशीनवर काम करणाऱ्यांना ठाऊक आहे, वरच्या रिळात दोरा किती उरलाय ते दिसतं. खालच्या बॉबिनमध्ये किती आहे ते दिसत नाही. मशीन खडखड चालत राहतं, आपण पुढे ढकलत राहतो, आणि वीतभर शिलाई झाल्यावर लक्षात येतं की खाली दोराच नव्हता, नुसती भोकं पडली. आजारात अंगातली ताकद अशी बॉबिनमध्ये असते. म्हणून जुन्या शिंपिणी लांब शिवण धरण्याआधी बॉबिन काढून बघतात, थोडी उरली असली तरी बदलतात. तशीच मी उठण्याची वेळ दुखण्यावर सोपवत नाही, दोऱ्यावर सोपवते. सुईत हातभर दोरा ओवायचा, तो संपला की उठायचं. बोटं ठणठणीत असली तरी उठायचं. खिडकीपर्यंत जायचं, मनगटं फिरवायची, पाणी प्यायचं, मग पुढचा दोरा. दुखायला लागल्यावर थांबणं म्हणजे भोकं पडल्यावर बॉबिन बघणं.

यानंतर येतो तो प्रश्न : करायचं काय? इथे बहुतेक जण 'मला काय येतं' किंवा 'काय खपतं' यावरून ठरवतात. आजारपण असेल तर तिसरी चाळणी लावा, आणि तीच सगळ्यात बारीक ठेवा : हे काम मध्येच चार दिवस टाकून देता येतं का? गोधडीचा धावदोरा कुठेही सोडता येतो आणि महिन्याने तिथूनच उचलता येतो. क्रोशाचं तसंच. मातीचं काम मात्र ओलं असताना टाकता येत नाही. हलव्याचे दागिने सुंदर होतात, पण त्यांचा सगळा हंगाम संक्रांतीच्या आधीच्या थोड्या दिवसांत असतो. तेवढ्यात तुमचा आजार उसळला तर वर्ष गेलं. वाणाच्या घाऊक ऑर्डरींचं तेच. 'शंभर बटवे हवेत, हळदीकुंकवाला' हे ऐकायला गोड लागतं, पण संक्रांत पुढे ढकलता येत नाही. रथसप्तमीपर्यंत वाण चालतं असं मनाला समजावू नका, गिऱ्हाइकाला ते पहिल्या शुक्रवारी हवं असतं. बटवे करायचेच असतील तर पावसाळ्यात करून ठेवा आणि जेवढे झाले तेवढेच विका.

मी स्वतः एक मोठी गोष्ट सोडून दिली. माझी आजी लुगड्यांवर लुगडी रचून जी वाकळ शिवायची ती दुहेरी अंथरुणाएवढी, घट्ट टाक्यांची. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचं, शेवटी कोपऱ्यांना रंगीत त्रिकोण. मला ती येते. पण तिचं वजन मांडीवर फिरवणं माझ्या मनगटांना झेपत नाही, आणि भिजल्यावर तर दोन माणसं लागतात. पहिली दोन वर्षं मी 'ओळख तीच आहे आपली' म्हणून करत राहिले. आता बाळाची आणि मांडीवर घ्यायची, एवढीच दोन मापं करते. कुणी मोठी मागितली तर दुसऱ्या बाईंचा नंबर देते. गिऱ्हाईक गेलं असं वाटतं खरं, पण त्यातली निम्मी बाळाच्या गोधडीसाठी परत येतात.

आता माझी चूक. एका मुलीने तिच्या गेलेल्या आईच्या सात साड्या आणून दिल्या. १५ मेला तिचं लग्न होतं, त्याआधी गोधडी हवी होती. फेब्रुवारी चालू होता, माझे दिवस बरे चालले होते, मी हो म्हणाले. मार्चअखेरीस दोन्ही मनगटं सुजली, डॉक्टरांनी औषध बदललं, नव्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात हे मला माहीत होतं. तरी मी तिला कळवलं नाही. 'होईल, होईल' करत एप्रिल गेला. शेवटी शेजारणीच्या मदतीने अर्धी गोधडी मशीनवर मारली. तिने उलटून बघितली, काही बोलली नाही, पैसे पुढे केले. मी घेतले नाहीत. पैशांपेक्षा वाईट वाटलं ते याचं, की तिने हाताच्या टाक्यांसाठी त्या साड्या माझ्याकडे आणल्या होत्या.

त्यानंतरचे माझे नियम असे आहेत. तारीख नाही, मुदत सांगायची : 'कापड हातात आल्यापासून सहा ते आठ आठवडे.' लग्न, बारसं, डोहाळजेवण असं काही असेल तर त्या दिवसाच्या एक महिना आधीची मुदत मनात धरायची, आणि ती बसत नसेल तर नाही म्हणायचं. गिऱ्हाइकाची जुनी साडी, जिची दुसरी प्रत जगात नाही, तिला सुरुवातीला हात न लावता ठेवायचं. आपली दुखणी उसळली तर निदान ती जशीच्या तशी परत करता येते. कापायला घेतली की त्या दिवशी कळवायचं आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची. कापल्यावर गिऱ्हाइकाने मन बदललं तर आगाऊ रक्कम परत नाही, उशीर आपला असेल तर मात्र परत, हे आधीच लिहून द्यायचं. आणि उशीर होणार हे ज्या दिवशी आपल्याला कळलं, त्याच दिवशी गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. आठ दिवस आधी सांगितलेला उशीर लोक समजून घेतात. मुदतीच्या दिवशी सांगितलेला उशीर कितीही खरा असला तरी सबब वाटतो.

आजाराबद्दल सांगायचं का? यावर माझं मत जरा कडक आहे. ओळखीच्यांना सांगावं, नव्या गिऱ्हाइकाला नको. 'आजारी असूनही बनवते' या पाटीवर पहिली गोधडी खपते. दुसऱ्या वेळी लोक दया दाखवून मोकळे झालेले असतात, किंवा दया केली म्हणून भाव पाडून मागतात. आपण विकतो ती गोधडी. उशिराचा निरोप देताना मी एवढंच लिहिते : 'तब्येतीमुळे काम दहा दिवस पुढे जातंय. नवी मुदत अमुक. चालणार नसेल तर आगाऊ रक्कम आजच परत करते.' कारण, नवी मुदत, आणि सोडायची मुभा. यापुढे कुठला सांधा, कुठलं इंजेक्शन, याची कथा नको.

हातांसाठी म्हणाल तर महागडं काही लागत नाही. जाड कापडातून सुई ओढताना चिमटीवर सगळा ताण येतो. जुन्या रबरी हातमोज्याचा रुपयाएवढा तुकडा कापून त्यात सुई धरली की निम्म्या जोरात निघते. अंगुस्तान सैल नको. कात्री स्प्रिंगची घ्या, कापून झाल्यावर ती आपोआप उघडते, अंगठ्याला ते काम उरत नाही. सुई ओवायला बाजारात मिळते ती तारेची छोटी पट्टी पाच-दहा सुयांसाठी एकदाच वापरायची : सकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवा. पायाच्या मशीनला मोटार बसवून घ्या. आणि खाली बसून गोधडी पसरायची सवय सोडा. मला ते जमिनीवरचं बसणं सोडवायला वर्ष लागलं, कारण आईला, आजीला तसंच पाहिलेलं. आता टेबल कोपराच्या उंचीला आहे आणि गोधडीचं वजन टेबलावर पडतं, माझ्यावर नाही. सकाळी कोमट पाण्यात हात दहा मिनिटं, मग काम. सांधा लाल होऊन गरम लागत असेल तेव्हा मात्र शेकू नका, डॉक्टरांना विचारा.

एक माणूस असा आहे की ज्याच्याकडे आपले लोक फारसे जातच नाहीत, तो म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. औषध देणारा नव्हे. तुमचं काम बघून ते कसं करावं, मनगटाला कुठला स्प्लिंट घालावा, सुई कशी धरावी हे सांगणारा. या विद्येचं आपल्याकडचं शिक्षण मुंबईतच सुरू झालं. कमलाताई निंबकरांनी १९५० साली केईएम रुग्णालयात त्याची शाळा काढली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, तुमची कात्री, सुई, अर्धं झालेलं काम पिशवीत घालून न्या आणि समोर करून दाखवा. मी नुसतं 'हात दुखतात' सांगत होते तोवर मला व्यायामाचा छापील कागद मिळत होता. गोधडी टेबलावर पसरली तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, 'तुम्ही सुई अंगठ्याने ढकलताय, तिथेच चुकतंय.'

मदत घ्यायला लाजू नका, पण फुकट घेऊ नका. कापड धुणं, इस्त्री, कच्चा टाका घालणं ही कामं माझ्याकडे शेजारच्या एक काकू नगावर करतात. फुकटची मदत दोनदा मिळते, तिसऱ्यांदा त्यांना वेळ नसतो, आणि तेही बरोबरच आहे. मजुरी दिली की काम हक्काने सांगता येतं. गिऱ्हाइकाने 'सगळं तुम्हीच केलंत का' विचारलं तर खरं सांगा : कापणं, रचना आणि वरचा टाका माझा.

आता भाव. सुरुवातीला मी बाळाची गोधडी ६०० रुपयांना द्यायची. सामान २८० रुपयांचं. राहिले ३२०, आणि तास १६. म्हणजे ताशी २० रुपये, तेही बोटं सुजवून. हा भागाकार मी पहिल्या वर्षी केलाच नाही, कारण करायची भीती वाटत होती. तुम्ही आज करा. माझा आजचा हिशेब असा : सामान २८०, सोळा तासांचे ताशी ७५ प्रमाणे १२००, वीज-खोकी-फोन-इस्त्री यांचे १२०, मिळून १६००. पार्सलचा खर्च वेगळा. विश्रांतीचा वेळ मी गिऱ्हाइकाच्या माथी मारत नाही, पण प्रत्यक्ष टाके घालण्याचा वेळ, तो हळू असला तरी, पूर्ण धरते. टाका हळू पडला म्हणून तो स्वस्त होत नाही. भाव वाढवला तेव्हा ऑर्डरी कमी झाल्या. मला महिन्याला दोनच हव्या होत्या, तेव्हा तेही बरंच झालं. निरोगी माणूस कमी नफ्यावर जास्त माल काढून धंदा करू शकतो. ती वाट आपल्यासाठी नाही, हे एकदा मनाशी पक्कं करून टाका.

प्रत्येक विक्रीतले दहा टक्के मी वेगळ्या खात्यात टाकते. घरात त्याला 'आजारपणाचा डबा' म्हणतात. रक्ताच्या तपासण्या, औषध बदलल्यावरचा रिकामा महिना, कुणाची परत करायची आगाऊ रक्कम, सगळं त्यातून. धंद्याचं खातं आणि यूपीआयचा क्यूआर घरखर्चापासून वेगळाच ठेवा. नाहीतर दूधवाल्याचे पैसे आणि कापडाचे पैसे एकमेकांत मिसळतात आणि आपण कमावतोय की गमावतोय हेच कळत नाही.

विकायचं कुठे, यात मी प्रदर्शनांच्या बाबतीत सावध आहे. पुण्याची भीमथडी जत्रा असो, मुंबईचं महालक्ष्मी सरस असो, गर्दी उत्तम, विक्री चांगली. पण सकाळी माल मांडण्यापासून रात्री झाकण्यापर्यंत दिवसचे दिवस उभं राहायचं, धूळ, आवाज, लांबचं स्वच्छतागृह. एकदा एका प्रदर्शनात मी चार दिवसांत दोन महिन्यांचा माल विकला आणि पुढचे तीन आठवडे अंथरुणात होते. जायचंच असेल तर दोघींनी मिळून एक स्टॉल घ्या, पाळ्या लावा, खुर्ची सोबत न्या, आणि परतल्यावरचे दहा दिवस कुठलीही ऑर्डर घेऊ नका. बाकी वर्षभर मला दोन गोष्टी पुरतात : ओळखीच्या दुकानात माल ठेवणं, विकला की कमिशन कापून पैसे, आणि व्हॉट्सअॅपवर महिन्यातून एकदा फोटो. रोज रील टाकायच्या फंदात पडू नका. त्यातही हात आणि डोळेच लागतात. गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची वेळ ठरवून घ्या, माझी दुपारी चार ते पाच, आणि ती प्रोफाइलवर लिहून ठेवा. बोटं चालत नसतील तेव्हा बोलून टाइप करा, मराठीत चांगलं उमटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन, पूर्ण मोफत होते. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. फक्त वस्तू विकत असाल आणि राज्यातल्या राज्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर पाठवायला लागलात की एकदा सीएला विचारून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, टोपल्या-चटया विणणारेही आहेत; प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळतं. बचत गटात असाल तर सरकारच्या 'माविम' किंवा 'उमेद'च्या ताईंना विचारा. आणि कर्जाचा हप्ता नऊ तासांच्या आठवड्यांतून फिटणार असेल तरच कर्ज घ्या.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे आजार नावाने आहेत. आमवात नावाने नाही, पण सांधे वाकडे होऊन हालचालीवर परिणाम झाला असेल तर त्याची तपासणी होऊ शकते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रावर कर्ज आणि इतर सवलतींची दारं उघडतात. बऱ्याच जणी 'आपण काही अपंग नाही' म्हणून जातच नाहीत. आरोग्यविमा घेताना आजार लपवू नका. एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, लपवलं आणि पुढे उघड झालं तर दावाच नाकारला जाऊ शकतो. आणि हे कटू आहे, पण सांगते : तुम्ही नोकरीत असाल आणि तिथे गट विमा असेल, तर माझ्यासारखा लेख वाचून राजीनामा देऊ नका. महिन्याला दोन गोधड्या आणि खालच्या खणातला माल यांतून माझी औषधं, तपासण्या आणि थोडं वर निघतं. घर चालत नाही. घर चालतं असं सांगणाऱ्यांचा माल आजारी हातांनी झालेला नसतो, किंवा मागे चार हात असतात.

घरातल्यांचं एक. 'घरीच तर असतेस' आणि 'दिसत तर काही नाही तुला' ही दोन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की ती भिंतीवर टांगावीत. वाद घालून उपयोग झाला नाही, वहीचा झाला. तीन आठवड्यांची वही मी यजमानांसमोर ठेवली. चार तासांच्या दिवसापुढे दोन दिवसांचं शून्य बघून ते गप्प झाले, आणि सकाळचा चहा तेव्हापासून ते करतात. दहा ते बारा माझ्या खोलीचं दार बंद असतं. गॅसवाला आला तरी.

तुमचा आजार वेगळा असेल तर माझ्या सूचना तशाच उचलू नका. दमा असेल तर जुन्या साड्यांची धूळ आणि सुताची लव हा शत्रू. आधी धुऊन घ्या, कापताना मास्क लावा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर जमिनीवर पडलेली सुई टोचली तरी कळत नाही. काम संपलं की चुंबक फिरवा, घरात चप्पल घाला, आणि कामाच्या नादात जेवणाची वेळ चुकवू नका. डायलिसिसवर असाल तर ते दिवस कोरे सोडा आणि फिस्टुलाच्या हाताने ओझं उचलू नका. फिट येत असतील तर इस्त्री आणि मशीन एकटं असताना नको. मनच खचत असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर तेही वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. लांबलेल्या दुखण्यात ते होतं आणि त्यावर उपचार आहेत.

मशीन, कापड, व्हॉट्सअॅपचा ग्रुप, सगळं नंतर. आज रात्री वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला आणि हात किती वाजता मोकळे झाले ते लिहा. तीन आठवडे पुरे होईपर्यंत कुणी साडी घेऊन आलं, अगदी सख्खी नणंद असली, तरी तिला थांबायला सांगा.